पिवळ्याखाली

तेरखेडा
दि. २८ मार्च २०२५

ती. अप्पांच्या चरणी,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि आतली भंडाऱ्याची पुडी पोचली. भंडारा कपाळाला लावला, उरलेला डबीत ठेवला. नव्या पायाची सवय झाली का, असं विचारलंत. फोनवर मी दर वेळी झाली म्हणते, कारण तुमच्या फोनला निम्मी आळी कान लावून बसलेली असते. पत्र तुम्ही एकटेच वाचता, म्हणून खरं लिहिते. अप्पा, मला या पायाची किळस येते.

टेम्पोच्या धडकेत माझा पाय गुडघ्याखाली गेला तेव्हा गुडघा वाचला म्हणून सगळे देवाचे आभार मानत होते. मीही मानले. डिसेंबरात हा पाय बसवला, चालायला शिकवलं, पण पुढं उन्हाळा येणार आहे हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. आधी खुंटावर, म्हणजे गुडघ्याखाली उरलेल्या तुकड्यावर, लायनर चढवायचा. लायनर म्हणजे सायकलच्या ट्यूबसारखा जाड, रबरी मोजा. त्यावर सुती मोजा, त्यावर प्लॅस्टिकचा साचा आणि साच्याखाली ते तपकिरी खोटं पाऊल. वारा जायला सुईएवढी जागा नाही. शाळा सकाळची असली तरी नऊ वाजले की वर्गाचे पत्रे तापतात आणि आत घाम सुटतो. तो जाणार कुठं? खुंट त्यातच भिजत राहतो. मग पाय साच्यात वरखाली सरकतो आणि चालताना पचक पचक आवाज येतो. परवा मी फळ्याकडं वळले आणि तिसरीचा अख्खा वर्ग खाली मान घालून हसायला लागला. आवाज कसला वाटला असेल ते तुम्हाला सांगायला नको.

घरी येऊन लायनर उलटा केला की ओंजळभर पाणी निघतं. नुसतं पाणी असतं तर चाललं असतं. नासलेलं ताक, ओलं फडकं आणि कपाटामागं मेलेला उंदीर यांचा मिळून होईल तसा वास येतो. खालचं कातडं पांढरंफटक, सुरकुतलेलं आणि बुळबुळीत असतं. हात लावला की माझ्याच अंगावर काटा येतो. हा तुकडा माझा आहे हेच पटत नाही.

तुमचे जावई म्हणतात, अजिबात वास येत नाही. असं म्हणतात आणि उठून खिडकी उघडतात. मला वासापेक्षा त्या खिडकीचा जास्त राग येतो. शिवराज स्वभावानं चांगलेच आहेत, तुम्हीच शोधलेत, पण खोटं बोलायला त्यांना मुळीच येत नाही.

उन्हाळाभर पाय माळ्यावर टाकून कुबड्या घ्याव्यात असं मनात आहे. तुम्हाला काय वाटतं ते कळवा. आईला नमस्कार. तिला यातलं काही वाचून दाखवू नका. लोभ आहे तसा, या वासासकट राहू द्यावा.

तुमची,
प्रतीक्षा

*

अणदूर
दि. ४ एप्रिल २०२५

चि. प्रतीक्षास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र रानात बाभळीखाली बसून वाचलं. तुझ्या आईला सांगितलं, पोरगी मजेत आहे. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि भाकरी थापायला बसली. पाडव्याला तुझी लई आठवण काढली.

इकडं अवकाळीनं मेंढरं बसायच्या जागेत चिखल झाला. आपली बांडी मेंढी, तू सुट्टीत हातानं चारायचीस तीच, तिचा खूर सडला. जवळ गेलं की घाण यायची. मी हळद दाबून भरली, वरून फडकं बांधलं. आता वास बंद झालाय आणि ती पाय टेकायला लागलीय. म्हणून सुचलं ते लिहितो. तू भंडारा कपाळाला लावतेस, तोच त्या रबरी मोज्यातही घाल. भंडारा म्हणजे हळदच. घामही ओढून घेईल आणि देवही पायाशी राहील. खंडोबाच्या दारातला आहे, वाईट काही व्हायचं नाही. या वेळी पुडी मोठी पाठवतोय.

दुसरं असं, की पाय माळ्यावर टाकायचा नाही. तुला सांगितलं नव्हतं, पण तू दवाखान्यात होतीस तेव्हा मी देवाला बोललो होतो. माझी पोरगी दोन्ही पायांनी चालत देवळात येईल आणि भंडारा उधळेल. कुबड्यांवर आलीस तर तो नवस फिटत नाही. तुला शाळेची सुट्टी लागली की पहिल्या रविवारी ये. देव सध्या आपल्या गावातच आहे, वर्षातला काही काळ नळदुर्गच्या देवळात जातो, ते अजून लांब आहे.

आणि किळस करू नकोस. मी जन्मभर मेंढरांत आहे. लेंड्या, जखमा, व्यालेल्या मेंढ्यांची वार, काय काय हातांनी काढलं, मला कधी कशाची किळस आली न्हाय. जावयांना आशीर्वाद. त्यांना म्हणावं, खिडकी उघडी ठेवली तर वारा येतो, त्यात राग कसला. माया आहेच, ती पत्रातून कळवत जा.

तुझा,
अप्पा

*

तेरखेडा
दि. १३ एप्रिल २०२५

ती. अप्पांच्या चरणी,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा उपाय लागू पडला. आधी मी हसले, मग म्हटलं टाल्कम पावडरच्या डब्यांनी तरी काय दिवे लावलेत. रोज सकाळी लायनरमध्ये मूठभर भंडारा टाकते आणि वरून खुंट घालते. आवाज बंद झालाय. मुलांची हसण्याची सोय गेली. वासही गेला, म्हणजे हळदीचाच येतो. शिवराज म्हणतात, घरात रोज कुणाची तरी हळद चालू आहे असं वाटतं.

घाण मात्र कमी नाही. सकाळचा कोरडा भंडारा दुपारपर्यंत बेसनाच्या लगद्यासारखा होतो. लायनर पिवळा, मोजे पिवळे, मोरीची फरशी पिवळी. साडीच्या काठालाही लागलंय. लगदा बोटांनी निपटून काढावा लागतो. पण एक सोय झाली. खुंट आता दिसतच नाही. तोंड फिरवून वरवर पुसते आणि त्यावरच नवा भंडारा दाबते. पार धुऊन काढला तर पुन्हा ते पांढरं, मेलेलं कातडं बघावं लागेल. ते मला नको. पिवळं असलं की ते देवाचं वाटतं, माझं वाटत नाही.

आत थोडी चुणचुण होते, पण हळद चुणचुणणारच. नवसाचं वाचून रागही आला आणि डोळेही भरले. न विचारता नवस बोलता आणि फेडायला मला लावता. येईन. चार मेचा रविवार धरा. पायऱ्या चढताना कुणी हात धरायचा नाही, आधीच सांगून ठेवते.

पुडी संपत आलीय, आणखी पाठवा. आईला नमस्कार. आजवर सांभाळलंत तसंच पुढंही सांभाळून घ्यावं.

तुमची,
प्रतीक्षा

*

अणदूर
दि. २० एप्रिल २०२५

चि. प्रतीक्षास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

वाचून जीव भांड्यात पडला. देवळात पुजाऱ्यांना सांगितलं, शेजारच्या शिवपुत्रला सांगितलं, पारावर बसलेल्या सगळ्यांना सांगितलं. तुझी आई म्हणते, आता तेवढी दवंडी पिटवा. चार तारखेला खोबरं आणि भंडारा किती लागेल ते ठरवतोय. कुणी हात धरणार नाही, मी मागून चालेन.

चुणचुण होते म्हणालीस. फार होत असली तर कळव. बांडीला पण थोडं लागत असेल, कारण हळद बदलायला गेलो की पाय आखडून घेते. पण वरून सगळं कोरडं आहे, म्हणून मी आता फडकं सोडत नाही, वरूनच हळद भरतो. दोन पुड्या पाठवल्या आहेत. उन्हात फिरू नकोस. आशीर्वाद आहेतच, ते घेऊन सुखानं राहा.

तुझा,
अप्पा

*

अणदूर
दि. २७ एप्रिल २०२५, रविवार

चि. प्रतीक्षास,
आशीर्वाद.

आज खुशालीचं काही लिहीत नाही. पोस्ट बंद आहे म्हणून हे पत्र तेरखेड्यावरून जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडं, आपल्या धोंडीबाकडं देतोय. सकाळी तुला फोन केला तर सगळं छान आहे म्हणालीस. तुझं फोनवरचं छान कसं असतं ते आता मला माहीत आहे.

बांडी आज उठली नाही. फडकं सोडलं. हळदीची खपली वरून खणखणीत कोरडी होती. बोटानं दाबलं तर खाली मऊ लागलं. खपली उचलली आणि अळ्यांचा लपका माझ्या तळहातावर पडला. खूर राहिलाच नव्हता. वास असा आला की मी बाजूला जाऊन भडभडून ओकलो. मेंढरांत जन्म गेला, पण असं कधी झालं न्हाय. वास गेला असं मी धरून चाललो होतो. तो गेला नव्हता, पिवळ्याखाली कोंडला होता.

हात धुताना तुझं पत्र आठवलं. तोंड फिरवून पुसते असं लिहिलंयस. बाळ, हे वाचशील तशी पाय काढ. साबणानं धू, पिवळा कण ठेवू नकोस आणि वाकून नीट बघ. किळस आली तर येऊ दे, ओकारी आली तर ओक, पण डोळे मिटू नकोस. जखम असली तर तशीच दवाखाना गाठ. तुझा गुडघा वाचला म्हणून तू चालतेस. तो गुडघा माझ्या भंडाऱ्यानं जायला नको.

चार तारखेला यायचं न्हाय. नवसाचं मी देवाशी बघून घेईन. या पत्रात पुडी नाही. काय दिसलं ते मला खरं सांग, एवढीच माया दाखव.

अप्पा

*

तेरखेडा
दि. १८ मे २०२५

ती. अप्पांच्या चरणी,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही येऊन गेलात, आठवडाभर राहिलात, तरी काही गोष्टी तोंडानं सांगता आल्या नाहीत. त्या लिहिते.

धोंडीबांनी पत्र दिलं तेव्हा मी पाय घालूनच उभी होते. मोरीत बसून धुवायला घेतलं. पाणी आधी पिवळं गेलं, मग गढूळ, मग तांबूस. लायनरच्या तळाशी रोज जो लगदा मी हळदीचा समजून काढत होते, त्यात निम्मा पू होता. ओळखू कसा येणार? तोही पिवळाच. खुंटाच्या टोकाला सुपारी बसेल एवढा खड्डा पडला होता, कडेनं हिरवट, आणि दुखतसुद्धा नव्हता. मी वाकून बघितलं अप्पा, डोळे मिटले नाहीत. शिवराजनी बघितलं, ते बाहेर गेले, ओकले, तोंड धुऊन परत आले आणि म्हणाले, काही नाही, जरासं लागलंय. त्या क्षणी मला त्या जखमेपेक्षा त्यांचीच शिसारी आली. पण गाडी त्यांनीच काढली आणि धाराशिवला पोचेपर्यंत कुठं थांबवली नाही.

डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हाला ठाऊक आहे. आणखी थोडे दिवस गेले असते तर पू हाडाला लागला असता आणि गुडघ्याच्या वर कापावं लागलं असतं. देवळाच्या दारात विकतात त्या भंडाऱ्यात पिठूळ काहीतरी मिसळलेलं असतं. पीठ, घाम आणि ऊब. आपण इडलीचं पीठ आंबवतो तसं मी स्वतःचं कातडं आंबवत ठेवलं होतं. अजून इडली समोर आली की मी ताट सरकवते.

तुमचा दोष नाही, हे तुम्ही जाताना मी सांगितलं आणि तुम्ही मान हलवलीत, पण तुम्हाला पटलेलं दिसलं नाही. तुम्ही घाल म्हणालात, पण तोंड फिरवून पूस असं काही म्हणाला नव्हतात. ते माझं मीच केलं. बांडीचं पुढं काय झालं ते तुम्ही सांगितलं नाहीत, मीही विचारलं नाही.

आता खरी सांगायची गोष्ट. तुम्ही आलात त्या दिवशी पिशवी खाली ठेवून जमिनीवर बसलात, माझी पट्टी सोडलीत आणि नाक पार जखमेजवळ नेलंत. मी वाट बघत होते की आता तुम्हीही म्हणाल, वास नाही. तुम्ही म्हणालात, लई घाण येतीया. आणि उठून गरम पाणी आणलंत. मी रडायला लागले तर तुम्हाला वाटलं दुखतंय. दुखत नव्हतं. पाय गेल्यापासून माझ्याशी पहिल्यांदा कुणीतरी खरं बोललं होतं.

जखम भरत आलीय. पाय बसवणाऱ्यांनी सांगितलंय, कातडं पक्कं झाल्याशिवाय पाय घालायचा नाही. मग दोन लायनर ठेवायचे, एक घालायचा आणि एक धुऊन सावलीत वाळवायचा. आत पावडर, भंडारा, काहीही टाकायचं नाही. घाम साचला की पाय काढायचा, पुसायचा, परत घालायचा, मग कुठंही असो. जूनमध्ये शाळा उघडली की मधल्या सुट्टीत वर्गातच काढणार आहे. मुलांनी नाकं दाबली तर दाबू देत.

देवळातही तसंच करीन. लोक चपला काढतात त्या पायरीवर बसेन, पाय काढून लायनरमधला घाम ओतेन, कोरडा करेन, परत चढवेन आणि मग दोन्ही पायांनी आत येईन. देवाला सांगा, रविवार काही संपलेले नाहीत. तुम्ही फक्त खांद्यावर धुतलेला पंचा टाकून या.

काल जुना लायनर साबणानं धुऊन दोरीवर वाळत घातला होता. शिवराज कामावरून आले, त्याच्याजवळून जाताना थांबले, हुंगलं आणि तोंड वाकडं केलं. मला वाटलं आता खिडकीकडं जातील. ते म्हणाले, प्रतीक्षा, याला अजून घाण येते. मग दोरीवरून लायनर काढला, बाह्या वर केल्या आणि मोरीत धुवायला बसले. मी दारात उभं राहून बघत होते. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

आईला नमस्कार. तिला हे पत्र खुशाल वाचून दाखवा. पुढच्या पत्रात भंडारा जरूर पाठवा, पण कपाळापुरताच. लोभ आहेच, तो असाच खरं बोलणारा असू द्यावा.

तुमची,
प्रतीक्षा