काकूंची बाजू

रविवार, १७ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला म्हणून आधीच कान पकडते. गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी जिने चढायला मनाई केली असताना तू गच्चीवर कपडे वाळत घालतेस, हे भाचीकडून कळलं. तुझ्या चहाड्या इथवर पोचतात बरं!

मी मजेत आहे. माझ्या नृत्यसंस्थेचंही छान चाललंय. नवीन काय बसवतेयस, असं विचारलंस. ते नंतर लिहिते. आधी माझ्या म्हाताऱ्यांच्या वर्गाची हकीकत सांगते.

समाजकेंद्राच्या तळमजल्यावर टेबल-टेनिसचं टेबल भिंतीला सारून आम्ही नाचतो, तो वर्ग. पूर्वी जमेल तशी जायचे, हल्ली वर्ग असेल तेव्हा जातेच. एक शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत. एक निवृत्त पोस्टमन आहेत, त्यांना अजून डावं-उजवं कळत नाही; जन्मभर पत्रं कशी वाटली देव जाणे. आणि बंदरावर क्रेन चालवायचे ते काका, बायकोसकट.

पहिल्या दिवशी काका दारातच म्हणाले, "बाई, मी फक्त हिला सोडायला आलोय." काकू म्हणाल्या, "चपला काढा." संपला विषय.

त्या दोघांसाठी मी एक छोटा नाच बसवला. काका मधे उभे राहून हात पुढे करतात, काकू मागून उजव्या बाजूने येऊन हात धरतात, आणि दोघं मिळून गिरकी घेतात. बस्स. काकू पहिल्यापासून डावीकडून यायच्या. दोन-तीनदा सांगून पाहिलं, मग सोडून दिलं. संस्थेतल्या मुलींना मी असल्या चुकीसाठी रडवलंय. इथे नाही रडवावंसं वाटलं.

ऑगस्टमध्ये काकू गेल्या. झोपेतच. काकांनी चहा करून हाक मारली, एवढंच मला ठाऊक आहे.

काका आता कसले येतात, असं सगळ्यांनी धरलं होतं. पण आले. आपली पाळी आल्यावर मधे जाऊन उभे राहिले, हात पुढे करून. कुठे बघावं ते कुणाला कळेना. मी जवळ जाऊन म्हटलं, "काका, हे बदलू या. तुम्हाला सगळ्यांमध्ये घेते."

"नको बाई. तिची जागा राहू दे. ती कुठून येते, कुठे वळते, मला ठाऊक आहे. धडक बसायची नाही."

धडक बसायची नाही! मी पाठ फिरवली आणि उगाच स्पीकरची बटणं दाबत बसले.

काल कार्यक्रम होता. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, सगळ्यांची मुलं-नातवंडं. काकांनी हात पुढे केला आणि थांबले. तालमीत कधी अडखळले नव्हते. गाणं पुढे निघून गेलं, हात तसाच. पोरांची कुजबुजसुद्धा थांबली.

ताई, मी बसवलेल्या नाचात मी कधीच पाऊल टाकलं नाही. बसवणाऱ्याने अंधारात उभं राहायचं, हा माझा हट्ट. काल मी गेले. घरच्या कपड्यांत, गळ्यात चष्म्याची दोरी. त्यांचा हात धरला, उजवीकडून, बसवला होता तसा.

काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पुटपुटले, "ती इकडून यायची."

मग मी मागून वळसा घालून डावीकडे गेले, आणि काकूंची चूक नाचले. गिरकी नीट झाली. त्यांनी हात फार घट्ट धरला होता. कुणीतरी आपल्याला असं धरून किती दिवस झाले, ते मला हात सुटल्यावर कळलं.

सोमवार

काल इथेच पेन खाली ठेवलं. आता उरलेलं लिहूनच टाकते.

कार्यक्रम संपल्यावर काकांना त्यांची लेक घेऊन गेली. जाताना वळून म्हणाले, "मंगळवारी आहे ना?" सगळे पांगले. मी खुर्च्या रचल्या. रखवालदार किल्ल्या वाजवत उभा होता, तरी सावकाशच रचल्या. पूर्वी कार्यक्रम झाला की सगळा संच कुठेतरी चहाला बसायचा; कोण चुकलं, कोण पडता पडता वाचलं, यावर हसून पोट दुखायचं. परवा घरी येऊन दिवा लावला. कसं झालं, असं विचारायला कुणी नव्हतं.

संस्थेचं छान चाललंय, हे खरंच आहे. माझ्याविना चाललंय. मार्चमध्ये विश्वस्तांनी बोलावून घेतलं. नव्या पिढीच्या हाती सूत्रं द्यायची म्हणाले. नवी पिढी म्हणजे कोण, तर माझीच पिटुकली, दुधाचे दात पडत असताना माझ्याकडे आलेली. चांगलं करते गं ती, तिच्याबद्दल एक वाकडा शब्द नाही माझा. भाषणं झाली, फुलं दिली, मीही हसून बोलले. सुरुवातीला मुलींचे फोन यायचे, "बाई, इथे हात कसा होता?" हल्ली येत नाहीत. त्यांना आता सगळं येतं. तसंच तर शिकवलं होतं मी.

नवीन काही बसवत नाहीये. सकाळी सवयीने पाय ताणते आणि मधेच थांबते, कशासाठी ते कळत नाही. वर्ग नसेल त्या दिवशी दुकानदाराशी बोलताना आवाज घोगरा येतो, तेव्हा लक्षात येतं, आजचा हा पहिलाच शब्द.

तुला सांगितलं नाही, कारण तू शेजारीपाजारी माझं इतकं कौतुक करत असतेस. तुझा हिरमोड होईल, अशी मी माझी समजूत घातली. खरं म्हणजे कुठेतरी, कुणीतरी अजून 'माझी बहीण नाच बसवते' असं म्हणतंय, याचाच मला आधार होता.

मंगळवारी मी जाणार आहे. काकांना विचारीन, डावीकडून मी येऊ की जागा तशीच ठेवायची. ते म्हणतील तसं.

पण ताई, या पत्राला पत्राने उत्तर देऊ नकोस. फोन कर. इतकी वर्षं तू फोन केलास की कुणीतरी सांगायचं, बाई तालमीत आहेत. आता केव्हाही कर. मी घरीच असते.

तुझी
धाकटी