माळवदावरची माती

मी, गोजरबाई सांडू दांडगे, वय ७४, निवृत्त अंगणवाडीसेविका, राहणार पडेगाव, डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते. दुष्काळात मात्र ते ठिकाणावर नव्हतं.

१. बँकेतली ठेव धाकट्या मुलाला, श्रीरंगला, मुक्काम पुंडलिकनगर. घरात त्याला हिस्सा नाही. शहर आमच्या दारापर्यंत आल्यापासून तो दर रविवारी येतो, चहा पितो आणि भिंती मोजतो.

२. मातीच्या छताचं हे माळवदाचं घर थोरल्याची विधवा अंबिका हिला. मृगाआधी माळवदावर नवी पांढरी माती टाकायची, ही आमची रीत, कारण जुनी पावसात वाहून जाते. पाऊस फिरकलाच नाही, त्या वर्षांतही मी तिला घमेलं देऊन शिडीवर चढवलं. ती म्हणायची, "आत्या, जुनीच माती तशी हाय. लई वजन व्हईल." मी म्हणायचे, "माती नाय टाकली तर पावसाला काय तोंड दाखवायचं?" थरावर थर चढले. यंदा चैत्रात माजघराची तुळई मोडली आणि अंबिकेचा खांदाही. तिला एका हातानं पीठ मळताना बघवत नाही.

३. मुबारक मिस्त्रींनी आधी सगळी माती उतरवावी. गुरं विकल्यापासून गोठा रिकामाच आहे. त्याची सागवानी तुळई काढून माजघरावर घालावी.

४. यजमानांची सायकल मुबारकला द्यायची होती. साक्षीदाराला काही देता येत नाही, असं वकील म्हणाले. मुबारक म्हणाला, "सायकल रहने दो अम्मा, सही करता मैं." तसा हट्टीच आहे.

वाचून झाल्यावर वकिलांनी सांगितलं, की यातलं सगळं माझ्या पश्चात लागू होईल. म्हणजे तुळईही माझ्या मरणाची वाट बघणार. घरात धड छताची एकच खोली आहे. ती अंबिकेनं मला दिली आणि स्वतः माजघरात, मोडक्या तुळईला लावलेल्या टेकूशेजारी झोपते.

म्हणून कलम ३ मी खोडलं आहे. मुबारक उद्या सकाळी माती उतरवायला येतो आहे. काम होईपर्यंत माझी खोली तिची. टेकूखाली मी झोपेन. ती नको म्हणेल. अंबिके, माझं नको ते सगळं ऐकलंस, आता एवढं ऐक.

साक्षीदार: मुबारक शेख (मिस्त्री), बद्रीनाथ म्हस्के (शेजारी).
खाडाखोड माझीच. सही: गोजरबाई सांडू दांडगे
पडेगाव, औरंगाबाद. १२ मे २०१६. मृगाला अजून अवकाश आहे.