सीटा झाल्या का?

ता. ९ जानेवारी

चि. ठकूस मामाचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण, सीटा. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं मी मनाने भरतो, असं तुझी मामी म्हणते. बोटीच्या इंजिनघरात जन्म काढल्यावर कानांचं दुसरं काय होणार? पण मापं मनाने भरून चालत नाहीत, म्हणून लिहायला बसलो.

बग्गीचं तुला कळलं असेलच. मागच्या गल्लीतल्या बेकरीवाल्याला शेड रिकामी करायची होती. आत ही धूळ खात पडलेली. तो भंगारात घालणार होता, मी म्हटलं मला दे. बग्गी आणली म्हटल्यावर शेजारीण येऊन घोडा कुठे बांधणार असं विचारून गेली. तिला हाताला धरून नेऊन दाखवलं, की बाई, ही वाळूच्या टेकड्यांवर पळणारी मोटार. हिला दारं नाहीत, टप नाही, फायबरचं अंग आहे आणि इंजिन मागे उघड्यावर. ती म्हणाली, म्हणजे अर्धीच गाडी की! आता ही अर्धी गाडी जवळजवळ पुरी झाली आहे. रंग मूळचाच नारिंगी दिला. तळाचा सडका पत्रा कापून नवा जोडला. इंजिन एका हाकेला ओ देतं. राहिल्या फक्त सीटा. सध्या मी आत बादली उलटी घालून बसतो. बकेट सीट म्हणतात ती हीच असावी.

मला जुन्या पद्धतीच्याच हव्यात. ह्या गाड्या नव्या होत्या तेव्हा असायच्या तशा, फायबरची खोलगट टोपली, खांद्याच्या खालीच संपणारी पाठ, पांढरं रेक्झिन, त्यावर उभ्या फुगीर पट्ट्या आणि कडेने नारिंगी गोट. हल्लीच्या डोक्यापर्यंत येणाऱ्या सीटा एकाने आणून ठेवून दाखवल्या. गाडीत न्हाव्याच्या दोन खुर्च्या मांडल्यासारखं दिसलं. परत ने म्हटलं.

तळाचे नमुने वर्तमानपत्र कापून केले आहेत, सोबत पाठवतो. मधे हँडब्रेक आहे, तिथे हात शिरायला जागा ठेव. माझ्या विस्ताराचं माप मामीने घेतलं आणि खिडकी उघडी असताना मोठ्याने वाचलं. ते वेगळ्या चिठ्ठीत आहे. दुकानात भिंतीवर लावू नकोस.

तुझा लोभ आहेच, तो ह्या वेळी शिवणीत दिसू दे. लवकर कर.

तुझा,
मामा


ता. १७ जानेवारी

ती. मामांस ठकूचा सा. न. वि. वि.

नमुने मिळाले. चिठ्ठीही मिळाली. मामीचं अक्षर इतकं ठसठशीत मी आजवर पाहिलं नव्हतं.

आमच्याकडे सोफे, दवाखान्यातली बाकं आणि बसच्या सीटा येतात. वाळूची गाडी पहिल्यांदाच. पण नशिबाने भंगारवाल्याकडे तशाच गाडीची एक फुटकी सीट मिळाली. तिच्यावरून साचा काढून तुमच्या विस्ताराप्रमाणे रुंदावते आहे. टप नाही म्हणजे पाणी साचणार, म्हणून टोपलीच्या बुडाला निचऱ्याची भोकं ठेवते आणि पाणी न पिणारा फोम घालते. नाहीतर पावसानंतर आठवडाभर ओल्या पावावर बसल्यासारखं व्हायचं.

दोन गोष्टी मात्र ऐकायच्या. पाठ इतकी बुटकी असली की मागून धक्का बसल्यावर मानेला आधार राहत नाही. तेव्हा ही गाडी वाळूवर आणि सावकाश. आणि सीटांचे बोल्ट नुसत्या पत्र्यात आवळू नका. खालून जाड लोखंडी पट्टी लावा, म्हणजे ओढ पडली तरी पत्रा फाटणार नाही. तुम्ही म्हणाल, हिच्या जन्माआधीपासून मी बोल्ट आवळतोय. तरी लावा.

फेब्रुवारी सरायच्या आत सीटा तुमच्या दारात येतील. मामीला नमस्कार. माझी आठवण काढत राहा, पण शिंक येईल इतकी नको.

तुमची,
ठकू


ता. १० फेब्रुवारी

चि. ठकूस मामीचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र ह्यांच्या नकळत लिहिते आहे. फोन केला असता, पण ह्यांना एरवी काही ऐकू येत नाही आणि ऐकू नये ते नेमकं येतं.

मागच्या वर्षी नोकरी संपल्यावर आम्ही सगळ्यांना सांगत होतो की आराम चाललाय. आराम कसला! माणूस भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. दाढी नाही, पेपर नाही. ताट पुढे ठेवलं तर जेवायचे. ठेवलं नसतं तरी मागितलं नसतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी झोप तेवढी वाढली. घरात दोन माणसं आणि आवाज फक्त माझ्या भांड्यांचा. मी मुद्दाम आदळआपट करायचे, निदान ओरडतील तरी म्हणून. तेही नाही.

मग ही गाडी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात खुडबुड ऐकून मला वाटलं चोर शिरला. बघते तर हे माझ्या मोठ्या पातेल्यात गंजके पान्हे उकळत बसलेले. पातेलं गेलं, पण मी एक शब्द बोलले नाही. तेव्हापासून रोज उठतात, चिडतात, रेक्झिनच्या पांढऱ्या रंगावरून माझ्याशी हुज्जत घालतात.

आता फक्त सीटा राहिल्या. त्या बसल्या की काम संपलं. पुढे काय ग? मला त्या खोलीतली ती पाठ पुन्हा बघायची नाही. ठकू, तू थोडं लांबव. कारणं तुला मी काय शिकवू? तुमच्या धंद्यात लोकांचे सोफे वर्षानुवर्षं अडकलेले असतात.

रागावू नकोस. माया आहे तशीच असू दे.

तुझी,
मामी


ता. १८ फेब्रुवारी

ती. मामीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्याच दिवशी दुसऱ्या सीटचा शेवटचा टाका घातला होता. दोन्ही तयार आहेत. कोपऱ्यात ठेवून वर चादर टाकली आहे.

मला हे पटत नाही, स्पष्टच सांगते. मामांना मी कधी थाप मारली नाही. लहानपणी मारली होती तेवढी त्यांनी ओळखली होती. पण तू कधी कुणाकडे काही मागत नाहीस आणि मागितलंस ते हे. लांबवते. किती दिवस जमेल ते सांगता येत नाही.

तू स्वतः जेवतेस ना वेळेवर? ते पत्रात कुठेच नव्हतं.

तुझी,
ठकू


ता. २ एप्रिल

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

आधी तू लिहिलंस की पांढरं रेक्झिन पिवळट निघालं. मी कळवलं, पन्नास वर्षांपूर्वीचं पांढरं पिवळटच असायचं, लाव. मग तुझ्या मशीनचा शटल मोडला. मी इथल्या मशीनवाल्याच्या उरावर बसून नवा मिळवला आणि पार्सल केला. आता लिहितेस की फोम दाबला की बसतो आणि सोडला की फुगतो. अगं, फोमने आणखी काय करावं अशी तुझी अपेक्षा आहे?

मी शिलाई मशीनवर नाही तरी माणसांवर काम केलं आहे. इंजिनघरातला पोरगा पंप नादुरुस्त आहे म्हणायचा तेव्हा पंपाला काही झालेलं नसायचं, पोराच्या घरी काहीतरी झालेलं असायचं. तुझं काय बिनसलंय? मामीला तुझ्या आईला फोन करायला लावला. आई म्हणाली सगळं छान आहे. ती माझी बहीण आहे. ती छान म्हणाली याचा अर्थ तिला काहीही माहीत नाही. तब्येत बरी नाही का? दुकान अडचणीत आहे? कुणी त्रास देतंय? मामीला विचारलं तर ती भाजी चिरायला उठून गेली, तेव्हा तिलाही काहीतरी ठाऊक असणार.

सीटा गेल्या खड्ड्यात. मला खरं काय ते लिही. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर मी तिकडे येतो.

तुझ्यावर जीव असलेला,
मामा


ता. ११ एप्रिल

सौ. हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

मायना काय लिहावा ते कळेना. इतक्या वर्षांत तुला पत्र लिहायची वेळच आली नाही. संध्याकाळी फेरीबोट धक्क्याला लागली की घरीच यायचो. ठकू म्हणाली असंच लिहितात, म्हणून लिहिलं.

सुखरूप पोचलो. एक थांबा आधीच उतरलो, तिथून विचारत विचारत आलो. मी दारात दिसल्यावर पोरगी रेक्झिनसारखी पांढरी पडली. मी विचारलं, काय होतंय तुला. ती म्हणाली, काही नाही. तिच्या मागे कोपऱ्यात चादरीखाली दोन उंचवटे होते. सीट झाकली तरी सीटच दिसते. चादर ओढली.

काय काम केलंय म्हणून सांगू! पट्ट्या एकीसारखी एक आणि गोट असा सरळ की गवंड्याने ओळंबा लावून बघावा. पोरगी धडधाकट आहे ह्याचाच मला आधी आनंद झाला. मग विचारलं, की झाल्या होत्या तर अडल्या कुठे. तेव्हा तिने रडत रडत सगळं सांगितलं. तिला तू काही बोलू नकोस. मला बोलायचं होतं ते मी बोललो आणि मग आम्ही दोघं जेवलो.

त्यानंतर दुपारभर मी त्या सीटवर बसून होतो. खाली फरशी, समोर सोफ्यांचे सांगाडे, आणि मी आपला स्टिअरिंग नसलेल्या गाडीत बसल्यासारखा. तुझा राग आला होता, तो उतरला. मला वाटायचं, मी पडून असायचो ते तुला आळसाचं वाटत असेल. तू भांडी आपटायचीस ती त्यासाठीच असं मी धरून चाललो होतो. तू घाबरली होतीस हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

पुढे काय, हे तू ठकूला विचारलंस. मला विचारायचं होतंस. मलाही माहीत नाही. पण दोघांना माहीत नसलेलं बरं, एकटीने उराशी धरून बसण्यापेक्षा. पुन्हा पडणार नाही असं वचन मी देत नाही. ते माझ्या हातात असतं तर पहिल्यांदाच पडलो नसतो. पडलो तर मला हाक मार. लगेच ओ देईन असंही नाही. तरी मार.

आणि घाई का करत होतो तेही सांगून टाकतो. मी बादलीवर बसू शकतो. तुला शेजारी बादलीवर कसं बसवणार?

परवा सीटा टेम्पोत घालून येतो. जेवायला थांब.

शेवटी काय लिहितात ते ठकूला विचारायचं राहिलं. तुझाच.


ता. २३ जून

चि. ठकूस मामीचे अनेक आशीर्वाद.

तुला आधीच लिहायला हवं होतं. पण आधी लिहिलं असतं तर अर्धंच लिहिलं असतं.

सीटा आल्या त्याच दिवशी बसवायला घेतल्या. उजवी नीट बसली. डावी कलली, कारण नवा पत्रा जोडला तिथे तळ थोडा वर आला होता. हे दोन दिवस गाडीखाली आडवे. पट्ट्या घासल्या, वायसर बदलले, पुन्हा बसवल्या, पुन्हा काढल्या. तू सांगितलेल्या लोखंडी पट्ट्या खालून लावल्या आहेत. आधीपासून लावणारच होतो म्हणाले. सीटा दिसतात मात्र अशा, की शेजारीणसुद्धा आता पुरी गाडी म्हणते.

दार नसल्यामुळे मला आत चढायला स्टूल लागलं. एक पाय आत, एक बाहेर अशी मी अडकले तेव्हा सगळी गल्ली बघत होती. किनाऱ्यावर गेलो. वाळूच्या चढावर गाडी अशी उडी घेते की पोट मागे राहतं. मी किंचाळले. ह्यांना वाटलं मी आणखी जोरात म्हणतेय.

मग मेच्या अखेरीला पुन्हा तेच सुरू झालं. काही कारण नाही. एका सकाळी उठले नाहीत, मग दुसऱ्याही. मी हाक मारली. मार म्हणाले होते म्हणून रोज मारत राहिले. ओ नाही. डॉक्टरांकडे गेलो. गोळी बदलली, तिला वेळ लागेल म्हणाले.

एका सकाळी मला इतका वैताग आला की मी किल्ली घेऊन खाली गेले. मला गाडी येत नाही हे तुला ठाऊक आहे. शेजारी बसून बघितलं होतं तेवढंच. स्टूल लावून चढले, किल्ली फिरवली, इंजिन लागलं. गिअर टाकायला गेले तर असा करकर आवाज झाला, जणू कुणी लोखंड चावतंय. पुन्हा टाकला, पुन्हा तोच. तिसऱ्या वेळी वरची खिडकी उघडली आणि कुठल्याही बहिऱ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने हे ओरडले, की क्लच, अगं क्लच! पाठोपाठ बनियनवर, एकाच पायात चप्पल, खाली आले. मी उतरले नाही. माझ्या पायाकडे बघून म्हणाले, पोचतच नाही तर दाबणार काय. मग वळसा घालून पलीकडच्या सीटवर चढले. आम्ही गल्लीच्या टोकापर्यंत गेलो आणि तिथे बंद पडलो.

एकदम ठीक झाले असं लिहिणार नाही. ह्या आठवड्यातही एक दिवस नुसते पडून होते. पण शिकवायचं डोक्यात घेतलंय आणि विद्यार्थिनी मठ्ठ आहे, तेव्हा काम पुष्कळ आहे.

तुझ्याकडे एक मागणं. सीट तिच्या खालच्या रुळांवर पार टोकापर्यंत पुढे सरकवली तरी क्लच मला लांबच पडतो. ड्रायव्हरच्या सीटला पाठीशी लावता-काढता येईल अशी जाड गादी करून पाठव. पांढरं रेक्झिन, उभ्या पट्ट्या, नारिंगी गोट. जुन्या पद्धतीचीच पाहिजे, नाहीतर हे लावू देणार नाहीत. माप माझं आहे आणि मी कुणाला मोठ्याने वाचू दिलेलं नाही.

तोवर सोफ्याची उशी लावते आहे. ती घसरते. खाली हॉर्न वाजतोय, माझी शिकवणीची वेळ झाली. तुझी माया आम्हा दोघांनाही पुरून उरते, ती अशीच राहू दे.

तुझी,
मामी