वर पोहून येणारे

५ मार्च
नुंगंबाक्कमच्या दवाखान्यात तपासणी. मूल होत नाही, दोष माझ्याकडे. अप्पांना — सासऱ्यांना — नातवंड हवंय. बायको, रंजनी, म्हणते तिलाही.

नमुना दिला. लॅबच्या संयुक्तामॅडमनी सांगितलं, निम्म्यावर पोषक द्राव सोडायचा, जोमाचे शुक्राणू आपसूक वर पोहून येतात. उरलेला निम्मा दाट-पातळ द्रावाच्या थरांवर घालून यंत्रात गरगर फिरवायचा, चांगले तळाशी बसतात. ज्यात जास्त मिळतील ती रीत पुढच्या आठवड्यात वापरायची. खाली कैरीवाला होता, तिखट-मीठ लावून देत होता. भरपूर खाल्ली.

६ मार्च
घोटाळा! निकाल ऐकायला गेलो तर संयुक्तामॅडम रंजनीला तमिळमध्ये म्हणाल्या, "इवरुक्कु नीच्चल वेंडाम." मला एवढंच ऐकू आलं — नीच! उठलो, चालू पडलो. फोन बंद. लोकलनं निघालो, मध्येच गिंडीला उतरलो. एका शेडमध्ये लेथवर पितळ कापत होते, ते बघत बसलो. काय सफाई! दुपार तिथंच गेली.

तांबरमला घरी आलो तर रंजनी दारातच. तिच्या तंजावरी मराठीत म्हणाली, "नीच्चल म्हणजे पोहणं हो! तुम्हांस पोहण्याची रीत नको, इतकंच म्हटली ती." मग तिला हसू आवरेना. पोहून वर आलेले अगदी मोजके, थरांतून बरेच मिळाले म्हणे. अप्पा आतून म्हणाले, जावई पळाले असं वाटलं. खोटं कशाला — मलाही वाटलं होतं. एका गावात एवढे दिवस मी कधी टिकलेलो नाही.

१३ मार्च
थरांचीच रीत केली. धुतलेला नमुना बारीक नळीनं गर्भाशयात सोडायचा, चहा गार होण्याआधी संपणारं काम. त्याआधी बाटलीवरचं नाव मला मोठ्यानं वाचायला लावलं — हरिप्रसाद. आपलंच नाव, पण दोनदा वाचलं. रंजनी छताकडे बघत पडून होती. मी हात धरला. तिनं धरू दिला.

१९ मार्च
पुदुच्चेरीची बस समोर थांबली. जागाही होती. चढलो नाही.

२७ मार्च
रंजनीला पाळी आली. मी समजूत घालायला गेलो तर म्हणाली, "बरं झालं. मला नकोच होतं. अप्पांकरता सोसत होते." आणि मग, "तुम्हांसही नकोच होतं ना?"

मी हो म्हणून मान डोलावली. मुलीचं नाव ठरवून बसलो होतो मी.