स्टोव्हपुढे माझं नाव

घरधन्यांस नमस्कार.

लेक बाळंतपणातून सुखरूप उठली. देवाच्या कृपेने बाळही आता नीट पितं. घरी देवपूजा चुकवत नाही ना?

समुद्राकाठी दोन दिवस आणि तलावाकाठी दोन दिवस तंबूत राहायचा तुमचा बेत पोचला. सोबतची कामांची यादीही वाचली. तंबू ठोकणार तुम्ही आणि भावजी, फोटो काढणार जाऊबाई, पोरं पोहणार, आणि माझ्या नावापुढे "स्टोव्ह". नऊ माणसांचा! वर लिहिता, "तुलाही जरा विसावा मिळेल." लाज कशी वाटली नाही हो? इथे बाळंतिणीचं करून माझी कंबर धरली आहे.

ओल्या वाळूत झोपून तुमचा खोकला उसळेल. पोहता येत नाही, तेव्हा घोट्याच्या वर पाण्यात उतरू नका. सांगून ठेवते.

मी इथून थेट तलावावर येईन, चटई आणि जपाची माळ घेऊन. माझं नाव खोडून तिथे तुमचं लिहिलं आहे. यादी परत पाठवते, भावजींसमोर मोठ्याने वाचा. नवा स्टोव्ह घेऊ नका, माळ्यावरच्याला वाती घाला.

सकाळचा चहा मला बिनसाखरेचा लागतो. तीस वर्षांत कधी विचारलं नाहीत, म्हणून कळवते.

आपली,
सौ.