पहिली चकती

३ जानेवारी २००६, वडवणी
आज ग्रंथपाल म्हणून रुजू झाले. वाचनालय लहान, पण खिडक्या मोठ्या. अध्यक्ष शंकरप्पांनी स्वतः पेढा दिला आणि आपल्या पिठाच्या गिरणीमागची खोली राहायला दिली. पुस्तकांना चिकटवायच्या पातळ चकत्या आल्या आहेत. चकती दारातल्या पांढऱ्या पेटीजवळून गेली की संगणकात नोंद होते. आता पुस्तकं हरवणार नाहीत! गंमत म्हणून पहिली चकती या रोजनिशीच्याच पुठ्ठ्याला आतून लावली. पेटी वाजली तशा झाडलोट करणाऱ्या सुंदरबाई दचकल्या. म्हणाल्या, हे तं मांजरावानी वरडतंय. दोघी खूप हसलो.

१९ जानेवारी
अप्पांची सून रुद्राणी गिरणीत दळण टाकून इथे येते. आज तिनं नवऱ्यापासून वेगळं होणाऱ्या बाईच्या हक्कांबद्दलचं पुस्तक मागितलं. मनगटावरचे वळ तिनं झाकले, मी पाहिले. सासऱ्यांना कळू नये म्हणून पुस्तक सुंदरबाईंच्या नावावर दिलं. घरी नेताना ती ते पिशवीत गुंडाळून पिठाच्या डब्यात पुरते. "पीठ मीच मळती ताई, दुसरं कोण हात घालतंय?" म्हणाली आणि हसली. मला हसता आलं नाही.

३० जानेवारी
संगणकाच्या यादीत त्या पुस्तकापुढे 'गिरणी, सकाळी १०:४०'. गिरणीत पेटी कधी बसली? अप्पांना विचारलं. पुस्तकांची काळजी नको का, म्हणाले. मग त्याच ओळीवर बोट ठेवून अगदी मायेनं विचारलं, "आमच्या सुंदरबाई कवापासून वाचायला लागल्या?"
मी चष्मा पुसत राहिले.

२ फेब्रुवारी
आज नोंद 'अप्पांचं घर, माजघर'. म्हणजे घरातही पेटी. रुद्राणीला सांगायला हवं. पण ती आलीच नाही.

४ फेब्रुवारी
'स्वयंपाकघर, सकाळी ६:१०.' त्यानंतर काही नाही. पुस्तक चुलीत गेलं असावं. तिनंच घातलं असेल.

५ फेब्रुवारी
दळण घेऊन गिरणीत रुद्राणीची सासू आली. सुंदरबाई हळूच म्हणाल्या, पोरीला कोंडलंय. पिठाचे सगळे डबे वतले, काई घावलं न्हाई. पुस्तक पाह्यलंच न्हाई म्हणती, मार खाती, पण तुमचं नाव घेत न्हाई.
पुरावा कुठेच नाही. एवढाच आधार.

६ फेब्रुवारी
यादी आज वरपासून वाचली.
क्रमांक १, पहिली चकती. नाव नाही. ग्रंथपालांची खोली. रोज. बाहेर नेली तेव्हा गिरणी, बसस्थानक, परत खोली —
माझ्या दाराच्या चौकटीवरही पेटी, न वाजणारी. विजेचं काहीतरी समजत होते.
तिनं इतकं सोसून लपवलं, ते सगळं मी इथे — तिचं नाव, डबा, सगळं — माझ्याच अक्षरात —

दुपार
चकती निघत नाही. नखं दुखतात. पानंच फाडते. काडेपेटी —
दारात चपला वाजल्या. अप्पा आहेत. आवाज शांत. म्हणतात, बाई, घाबरू नका, ते एक नंबरचं तेवढं वाचून परत —
कडी मी लावली होती ना? लावली हो