उकर्डा आणि एस्पोझिटो

१२ फेब्रुवारी १९७९, तुमसर

झालं एकदाचं! राजपत्रात नाव छापून आलं. आजपासून मी विलास. उकर्डा संपला. खाणीच्या ऑफिसात पेढे वाटले. हेडक्लार्क टेकचंद पेढा तोंडात घालून म्हणतो, "काहून बदलवलं बे? चांगलं फुकटचं नाव होतं." हसला मेला. माझं लग्न ठरतंय, अन् मुलीच्या मैत्रिणी तिला 'उकर्ड्याची' म्हणून चिडवतात – हे याला काय सांगू?

१८ फेब्रुवारी

गावी, आंधळगावला जाऊन आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही.

"तुयाआधीचे चार लेकरं गेले. म्हणून तुले उकिरड्यावर ठेवलं. कलाबाई सुइणीनं उचललं, मी सूपभर कोंडा देऊन वापस घेतलं. यमाले वाटावं, टाकलेलं लेकरू हाय. त्याच नावानं जगला तू."

लहानपणापासून हेच ऐकतोय. अशी पोरं गावोगाव आहेत, आंधळगावातच आम्ही तिघं उकर्डा. पण आज डोकं फिरलं. म्हणालो, "टाकाचंच होतं तं टाकून द्याचं होतं. जनमभर नाव कायले चिकटवलं?"

तिनं सूप उचललं अन् आत गेली. मी निघालो तेव्हा दारापर्यंतही आली नाही.

१९ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही.

३ मार्च

नवं मशीन बसवायला इटलीचा साहेब आलाय. त्याचं इंग्रजी मोडकं, माझंही मोडकं, म्हणून जमतं. आडनाव एस्पोझिटो. गेटपास करताना अर्थ विचारला. म्हणाला, "टाकलेलं मूल."

त्यांच्या नेपल्स शहरात जुन्या काळी नको असलेली मुलं आश्रमाच्या दाराशी ठेवून जायचे. ती सगळी एस्पोझिटो. पुढे सरकारनं असं आडनाव देणं बंद केलं, पण ज्यांचं होतं त्यांनी सोडलं नाही. आता तिकडे गल्लोगल्ली तेच. शाळेत मास्तरांनी एस्पोझिटो म्हणून हाक मारली की अर्धा बाक उभा राहायचा!

विचारलं, लाज नाही वाटत? तो म्हणाला, "कशाची? कुणीतरी उचललं, म्हणून तर मी आहे." अगदी सहज म्हणाला.

काय बोलून बसलो मी आईला! जीभ झडायला हवी होती.

११ मार्च

माफी मागायला गेलो आणि साहेबाचीच गोष्ट सांगत बसलो. माफी राहिली. आईनं सगळं ऐकून एकच विचारलं, "त्या लेकरायच्या माया मंग त्यायले वापस घ्याले आल्या का?"

"लय कमी, साहेब सांगत होता," मी म्हणालो.

"बरं झालं."

इतकी कठोर ती कधी नव्हती. माझ्यावरचाच राग असणार. आता मला नुसतं 'बापू' म्हणते. उकर्डा नाही, विलासही नाही.

२ मे १९८०

लग्नाला वर्ष होत आलं. बायकोला सगळं सांगितलं. म्हणाली, "मंग जाऊन बोला ना मायसंग." रविवारी जाईन म्हणालो. गेलो नाही.

२९ ऑगस्ट १९८१

आई गेली. तापाचं निमित्त झालं. मला वाटायचं, एकदा तरी जुन्या नावानं हाक मारेल. पण मीच म्हणायला हवं होतं – मार की, तुझंच नाव आहे. शेवटपर्यंत तोंडातून निघालं नाही.

१० सप्टेंबर

आज तेरवी. कलाबाईला लुगडं दिलं. म्हटलं, तू मले उचललं होतं, तुया मान हाय. तिनं ते परत माझ्या हातात दिलं.

"उचलणारी मी नोती. तिचं पाचवंबी जलमलं त्याच राती गेलं. उकिरड्यावर कोणाचं तरी टाकलेलं लेकरू रडत होतं. तुयी माय तुले टाकाले नोती गेली, बापू. उचलाले गेली होती."